पंचगंगा पाणीपातळी फलक : एमक्यूटीटी.जेएस वापराच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

पंचगंगेच्या खोऱ्यातील पाणीपातळी आमच्या मदत गटाच्या कार्यालयातील पडद्यावर आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर थेट दिसावी, हे या प्रकल्पाचे काम आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पुढे पंचगंगा वाहते. या उपनद्यांवरील काही पुलांच्या कठड्यांना रडार सेन्सर बसवले असून प्रत्येक सेन्सरजवळचा ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड दर मिनिटाला एक वाचन पाठवतो. कोल्हापुरात मात्र पुराची भाषा राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचीच आहे : ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. प्रशासन जाहीर करते ती बंधाऱ्याची पातळी आमचा कार्यकर्ता एका छोट्या फॉर्ममधून भरेल आणि तीही सेन्सरच्या वाचनांशेजारीच दिसेल.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गटाला आलेली अडचण माहितीच्या अभावाची नव्हती, शिळ्या माहितीची होती. सकाळचा आकडा दुपारी फिरत राही आणि त्यावर वेळ लिहिलेली नसे. त्यामुळे या फलकाची पहिली अट आम्ही अशी लिहून ठेवली आहे, की पडद्यावरचा कोणताही आकडा किती जुना आहे हे पाहणाऱ्याला न विचारता कळले पाहिजे. पुढचे तांत्रिक निर्णय याच अटीवर तपासले जातील.

बोर्ड एमक्यूटीटी हा हलका संदेश-प्रोटोकॉल बोलतात, म्हणून संदेश घेऊन ते मागणाऱ्यांना वाटणारा मधला सर्व्हर, म्हणजे ब्रोकर, असणारच आहे. हा प्रोटोकॉल अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या संदेशाचे स्थिर शीर्षक दोन बाइटांपासून सुरू होते, आणि डोंगराळ भागातील कमकुवत मोबाइल नेटवर्कवर हा काटकसरीपणा आजही उपयोगी पडतो. प्रश्न होता तो ब्राउझरपर्यंत संदेश कसे न्यायचे याचा. सॉकेट.आयओ या थेट संदेशांच्या लायब्ररीला स्वतःचा वेगळा सर्व्हर आणि स्वतःचा प्रोटोकॉल लागतो, तेव्हा ब्रोकर आणि ब्राउझर यांच्यामध्ये आणखी एक दुभाषा उभा करावा लागला असता. सर्व्हर-सेंट इव्हेंट्सचा, म्हणजे सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकाच दिशेने संदेश पाठवण्याच्या सोयीचा, विचार गंभीरपणे झाला, कारण फलकाला फक्त ऐकायचे आहे, बोलायचे नाही. पण तिथेही मधला प्रोग्राम आम्हालाच लिहावा आणि सांभाळावा लागला असता. ब्रोकर वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, थेट एमक्यूटीटी देऊ शकतो, म्हणून ब्राउझरमध्ये एमक्यूटीटी.जेएस ही एमक्यूटीटीची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरायचे ठरले. एक्लिप्स पाहोची जावास्क्रिप्ट लायब्ररीही चालली असती, परंतु तुटलेली जोडणी आपोआप पुन्हा जोडणे आणि सबस्क्रिप्शन (हवे ते संदेश मिळावेत अशी ब्रोकरकडे मागणी) पुन्हा करणे ही कामे एमक्यूटीटी.जेएसमध्ये अधिक नीट बसवलेली आहेत.

६ फेब्रुवारी २०२५

ब्रोकर म्हणून मॉस्किटो या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती बसवली. या आवृत्तीपासून लिसनर (कोणत्या पोर्टवर जोडण्या घ्यायच्या ती नोंद) स्पष्टपणे लिहिला नाही तर ब्रोकर फक्त त्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्या घेतो आणि लिसनर लिहिला की निनावी प्रवेश मुळातच बंद असतो; जुनी मार्गदर्शने वाचून काम करणाऱ्याला हे आधी माहीत असलेले बरे. बोर्डांसाठी टीएलएस कूटबद्धतेसह ८८८३ हा पोर्ट ठेवला आहे. ब्राउझरांसाठी ९००१ वर वेबसॉकेट लिसनर असून तो बाहेरून दिसत नाही, त्याच्यापुढे एन्जिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर उभे आहे. एन्जिनएक्सला ही जोडणी पुढे नेताना एचटीटीपी १.१ वापरण्यास सांगावे लागते आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन हेडर हाताने द्यावे लागतात, कारण तो ते स्वतःहून पुढे पाठवत नाही.

टॉपिकांची, म्हणजे संदेश ज्या पत्त्यावर पाठवले आणि ऐकले जातात त्या पत्त्यांची, नावे देवनागरीत ठेवावीत अशी सूचना आली होती आणि ती तत्त्वतः शक्य आहे, कारण टॉपिक यूटीएफ-८ या युनिकोडच्या लेखनपद्धतीत असतो. तरीही आम्ही ती स्वीकारली नाही. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकाच संकेताने, किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण एमक्यूटीटीच्या मानकाने ब्रोकरला टॉपिकांचे असे एकसारखेकरण करण्यास मनाई केली आहे, म्हणून ब्रोकरच्या लेखी ते दोन निराळे टॉपिक ठरतात. बोर्डावर एका कीबोर्डने आणि पानावर दुसऱ्या कीबोर्डने नाव लिहिले गेले, तर संदेश कधीच पोहोचणार नाही आणि कारणही सापडणार नाही. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि बोर्डावरील पबसबक्लायंट लायब्ररीची संदेशमर्यादा मुळात २५६ बाइटांची आहे. टॉपिक म्हणून लहान रोमन अक्षरे, आणि गावांची मराठी नावे पानावरील एका तक्त्यात, अशी वाटणी केली.

टॉपिकाची रचना ‘पातळी / नदी / ठाणे’ अशी तीन पायऱ्यांची ठेवली, म्हणजे ‘+’ वापरून एका नदीची सर्व ठाणी आणि ‘#’ वापरून सगळे खोरे एका सबस्क्रिप्शनमध्ये मागता येते.

११ फेब्रुवारी २०२५

पहिले पान जोडले गेले. एमक्यूटीटी.जेएसची पाचवी आवृत्ती वापरली आहे, आणि पुढे नुसते ‘लायब्ररी’ म्हटले की हीच. चौकट म्हणून रिअॅक्ट वगैरे काही नाही, एक साधे पान आणि एक मॉड्यूल इतकेच. ‘कनेक्ट’ या घटनेत सबस्क्राइब करायचे आणि ‘मेसेज’ या घटनेत टॉपिक, पेलोड (संदेशातील मजकूर) व मूळ पॅकेट ही तीन मूल्ये घ्यायची, एवढ्यावर प्राथमिक काम चालते. पेलोड बफरच्या रूपात येतो, त्यामुळे आधी त्याची अक्षरमाला करून मगच त्यातला जेसन (माहिती मजकुरात मांडण्याची पद्धत) वाचावा लागतो. हे वाचन ट्राय-कॅचमध्येच, म्हणजे चूक झाली तरी पान थांबू न देणाऱ्या रचनेत, ठेवले आहे. एखाद्या टॉपिकावर ब्रोकरने साठवलेला शेवटचा संदेश पुसण्यासाठी शून्य लांबीचा संदेश पाठवायचा असतो. तो त्या क्षणी ऐकत असलेल्या सर्व पानांनाही पोहोचतो आणि रिकाम्या अक्षरमालेवर जेसनचे वाचन हमखास फसते. देखभालीच्या एका साध्या कृतीने सगळे फलक बंद पडणे परवडणारे नाही.

क्लायंट आयडीची, म्हणजे जोडणारा ब्रोकरला आपली ओळख देतो त्या नावाची, मुद्दाम चाचणी घेतली. दोन टॅबांना एकच आयडी दिला, तर मानकाप्रमाणे ब्रोकर नव्याला आत घेऊन जुन्याला बाहेर काढतो. लायब्ररी मुळात एका सेकंदाने पुन्हा जोडणी मागते, म्हणून जुना परत येऊन नव्याला काढतो आणि ही ढकलाढकल अखंड चालू राहते. दोन्ही टॅबांवर आकडे अधूनमधून दिसत असल्याने वरवर सगळे सुरळीत भासते. लायब्ररी स्वतः प्रत्येक वेळी यादृच्छिक आयडी तयार करते, तेच ब्राउझरसाठी योग्य आहे आणि त्यात आम्ही हात घातला नाही.

जोडणी फसल्यावर ब्राउझर जवळजवळ काहीच सांगत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. पासवर्ड चुकला तर एमक्यूटीटीच्या पातळीवरचा नकार तरी येतो, पण एन्जिनएक्सनेच जोडणी नाकारली तर वेबसॉकेटकडून केवळ १००६ हा क्रमांक मिळतो. सुरक्षेच्या कारणासाठी ब्राउझर त्यामागचे कारण पानातील कोडला दाखवत नाही. म्हणून अडचण आली की कन्सोलकडे टक लावून न बसता आधी एन्जिनएक्सची आणि ब्रोकरची नोंदवही उघडायची, असे आपसात ठरले.

१८ फेब्रुवारी २०२५

क्यूओएसची, म्हणजे संदेश पोहोचण्याच्या हमीच्या पातळीची, चर्चा अपेक्षेपेक्षा लांबली. शून्य म्हणजे एकदा पाठवून विसरणे, एक म्हणजे पोच मिळेपर्यंत पाठवत राहणे, दोन म्हणजे चार पॅकेटांची देवाणघेवाण करून नेमके एकदाच पोहोचवणे. ‘पूर हा जिवाशी संबंधित विषय, तेव्हा दोनच वापरा’ हे म्हणणे भावनेला पटते, पण व्यवहारात टिकत नाही. एक तर पबसबक्लायंटमधून संदेश फक्त शून्य पातळीवरच पाठवता येतो. आणि पाठवणारा व घेणारा यांच्या पातळ्यांपैकी जी कमी तीच अखेरीस लागू होते, म्हणून पानाने एक किंवा दोन मागितल्याने मधल्या वाटेवरची हमी वाढत नाही. दुसरे असे, की दर मिनिटाला येणाऱ्या वाचनांपैकी एखादे हरवले तर पुढचे येतेच. हरवलेले जुने वाचन उशिराने आग्रहपूर्वक पोहोचवण्यात कुणाचाच लाभ नाही.

त्यामुळे पातळ्यांसाठी शून्य ठेवली. इशारा आणि धोका ओलांडल्याच्या सूचना सर्व्हरवरचा वेगळा प्रोग्राम काढतो, त्या मात्र एक पातळीवर जातात. एक पातळीवर तीच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून प्रत्येक सूचनेला क्रमांक दिला आहे आणि पान आधी पाहिलेला क्रमांक गाळते.

ब्राउझरसाठी टिकाऊ सत्र, म्हणजे ‘क्लीन’ हा पर्याय बंद करून ब्रोकरला अनुपस्थितीतील संदेश साठवायला लावणे, आम्ही टाळले आहे. मोबाइल रात्रभर बंद राहिला तर सकाळी साठलेल्या सूचनांची रांग एकामागून एक कोसळेल आणि रात्री दोन वाजता ओलांडलेली इशारा पातळी सकाळी सात वाजता नव्या बातमीसारखी वाजेल. त्याऐवजी चालू असलेल्या सूचनांची संपूर्ण यादी एका टॉपिकावर साठवून ठेवली आहे आणि पान जोडले की तीच वाचते.

२७ फेब्रुवारी २०२५

आज रिटेन्ड, म्हणजे ब्रोकरकडे साठवलेल्या, संदेशांचे काम झाले आणि प्रकल्पाचा खरा गाभा इथेच आहे असे माझे मत झाले. ब्रोकर प्रत्येक टॉपिकावरचा शेवटचा साठवलेला संदेश जपून ठेवतो आणि नव्याने सबस्क्राइब करणाऱ्याला लगेच देतो. ही सोय नसती तर पान उघडल्यावर पहिल्या वाचनासाठी मिनिटभर रिकामा चौकोन पाहावा लागला असता. परंतु जो बोर्ड तीन दिवसांपूर्वी बंद पडला, त्याचेही शेवटचे वाचन तितक्याच तत्परतेने येते. लायब्ररीच्या दृष्टीने हा व्यवहार यशस्वी झालेला असतो : जोडणी आहे, संदेश आला, घटना घडली. पान हिरवे दिसते आणि त्यावर तीन दिवसांपूर्वीची नदी असते.

पॅकेटमध्ये ‘रिटेन’ नावाची खूण असते आणि ती पाहून साठवलेला संदेश ओळखता येतो, हा पहिला उपाय सुचला. तो अपुरा आहे. खूण एवढेच सांगते की हा संदेश सबस्क्रिप्शनच्या क्षणी साठ्यातून आला. तो दहा सेकंदांपूर्वी साठवला की दहा तासांपूर्वी, हे ती सांगत नाही. ब्रोकरही संदेशावर वेळेचा शिक्का मारत नाही. एमक्यूटीटीच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.० आवृत्तीत संदेशाला कालमर्यादा देता येते आणि ती उलटल्यावर ब्रोकर संदेश टाकून देतो, पण आमच्या बोर्डांवरील लायब्ररी ३.१.१ पुरतीच आहे. शिवाय कालबाह्य वाचन गुपचूप नाहीसे होणे आम्हाला नकोच आहे, ते ‘इतके जुने’ असे लिहून दिसायला हवे आहे.

दुसरा उपाय शेवटच्या इच्छेचा, म्हणजे विल संदेशाचा. जोडताना बोर्ड ब्रोकरकडे ‘मी नाहीसा झालो तर हे सांगा’ असा संदेश ठेवून देतो. कीपअलाइव्हच्या (जोडणी जिवंत असल्याची खूण पाठवण्यासाठी ठरलेल्या अंतराच्या) दीडपट वेळ काहीच ऐकू आले नाही तर ब्रोकर तो पाठवतो. पबसबक्लायंटचा मूळ कीपअलाइव्ह १५ सेकंदांचा असल्याने साधारण साडेबावीस सेकंदांत ‘ठाणे बंद’ ही खबर येते. हे आम्ही ठेवले आहे आणि ते उपयोगी आहे. पण यातून फक्त जोडणी आहे की नाही इतकेच कळते. सेन्सरची तार सुटली आणि बोर्ड मात्र जिवंत राहिला तर विल निघणार नाही. ब्रोकरच अचानक बंद पडला तर तो कुणाचीच इच्छा पुरी करणार नाही आणि परत उठल्यावर साठ्यातले जुने ‘चालू’ तसेच वाटत बसेल.

म्हणून निर्णय असा, की प्रत्येक वाचनात बोर्डाने ते घेतल्याची वेळ असेल आणि फलकावर आकड्याखालोखाल मोठ्या अक्षरांत त्याचे वय असेल. सेन्सरचे वाचन तीन मिनिटांपर्यंत ताजे, त्यापुढे आकडा राखाडी, आणि पंधरा मिनिटांनंतर आकड्याच्या जागी ‘माहिती नाही’ व शेजारी शेवटची वेळ. राजाराम बंधाऱ्याची नोंद माणूस करतो, तिला हा नियम लावला तर ती जन्मतःच शिळी ठरेल. तिच्यासाठी मर्यादा दीड तासाची आहे. ही मर्यादा पानात गाडून न ठेवता प्रत्येक ठाण्याच्या माहितीत लिहिली आहे, कारण पावसाळ्यात कुणाला तरी ती बदलावी लागणार.

हिरवा दिवा काढून टाकला. ‘जोडलेले आहे’ असे दाखवणारी ती खूण सर्व नमुना पानांवर असते आणि पाहणारा तिचा अर्थ ‘आकडा बरोबर आहे’ असा घेतो.

५ मार्च २०२५

वय काढायचे तर दोन घड्याळे जुळायला हवीत. बोर्डाचे घड्याळ एनटीपी या इंटरनेटवरील वेळसेवेवरून लागते आणि ते लागेपर्यंत बोर्ड वाचन पाठवतच नाही, अशी अट बोर्डावरील फर्मवेअर प्रोग्राममध्ये घातली. पाहणाऱ्याच्या मोबाइलवर मात्र आमचा ताबा नाही. जुन्या फोनवर घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, तर सगळी ठाणी राखाडी दिसतील, आणि मागे असेल तर वय ऋण येईल.

सर्व्हर आता दर दहा सेकंदांना स्वतःची वेळ एका टॉपिकावर पाठवतो आणि हा संदेश, म्हणजे आमचा ‘ठोका’, जाणूनबुजून साठवलेला नाही. पान तो आला की आपल्या घड्याळाशी फरक काढते आणि वयाचा हिशेब त्या फरकाने सुधारते. नेटवर्कमुळे एखाददुसऱ्या सेकंदाची चूक राहते, ती इथे नगण्य आहे. दोन ठोक्यांमधल्या काळासाठी ब्राउझरचे एकदिश (फक्त पुढेच जाणारे) घड्याळ वापरले, म्हणजे कुणी मध्येच मोबाइलची वेळ बदलली तरी हिशेब उडी मारत नाही. काही ब्राउझरांत यंत्र झोपेत असताना हे घड्याळ पुढे सरकत नाही. त्यावर उपाय इतकाच, की पान पुन्हा दृश्यमान झाले की पुढचा ठोका येईपर्यंत सर्व आकडे राखाडी ठेवायचे.

या ठोक्याचा दुसरा उपयोग पहिल्यापेक्षा मोठा निघाला. तीस सेकंद ठोका आला नाही तर लायब्ररी काहीही म्हणो, पान ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ असे लिहिते. वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना जुना सॉकेट अर्धमेल्या अवस्थेत लोंबकळत राहतो आणि लायब्ररीला ते कीपअलाइव्हची वेळ होईपर्यंत कळत नाही. पाहणाऱ्याला मात्र अर्ध्या मिनिटात कळते.

१९ मार्च २०२५

पार्श्वभूमीतील टॅब. कार्यालयातील संगणकावर फलक उघडून माणूस दुसऱ्या कामाला लागतो, तेव्हा ब्राउझर त्या टॅबचे टायमर मंदावतो. क्रोमने जानेवारी २०२१ मधील ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेल्या पानांचे साखळीने चालणारे टायमर मिनिटातून एकदाच चालवायला सुरुवात केली आणि उघडा वेबसॉकेट असणे ही त्यातून सुटका नाही. कीपअलाइव्हचा पिंग वेळेवर गेला नाही तर ब्रोकर जोडणी तोडतो. लायब्ररीची पाचवी आवृत्ती यासाठी टायमर वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून स्वतंत्र चालणाऱ्या कोडमध्ये, चालवते, कारण वर्करवर हा निर्बंध नाही. तो वर्कर ब्लॉबमधून (पानाने स्मृतीत तयार केलेल्या फाइलीतून) तयार होतो, म्हणून पानाला काय चालवता येईल हे ठरवणाऱ्या आमच्या कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत वर्करसाठी ब्लॉबला आणि जोडणीसाठी वेबसॉकेटच्या पत्त्याला परवानगी लिहावी लागली.

कीपअलाइव्हबद्दल आणखी एक सापळा आहे. लायब्ररीचा मूळ कीपअलाइव्ह ६० सेकंदांचा आणि एन्जिनएक्सची मूळ वाचनमर्यादाही ६० सेकंदांचीच. शांत टॉपिक ऐकणाऱ्या पानावर दोघांची शर्यत लागते आणि कधी हा, कधी तो जिंकतो, त्यामुळे जोडणी विनाकारण तुटल्यासारखी वाटते. आमच्या दहा सेकंदांच्या ठोक्यामुळे वाहिनी कधी शांत नसतेच. तरीही कुणी उद्या ठोका बंद केला तर हा दोष उगाच वर येऊ नये म्हणून कीपअलाइव्ह ३० आणि एन्जिनएक्सची मर्यादा ३०० सेकंदांवर नेली.

२ एप्रिल २०२५

आकड्यांचे रूप ठरवले. सेन्सर मिलिमीटर देतो, लोक फूट आणि इंच बोलतात. संदेशात पूर्णांक मिलिमीटरच राहतील आणि रूपांतर फक्त पडद्यावर होईल. ३९ फूट म्हणजे ११,८८७.२ मिलिमीटर आणि ४३ फूट म्हणजे १३,१०६.४ मिलिमीटर. इंच जवळच्या पूर्णांकाला नेले तर पातळी प्रत्यक्षात ३९ फुटांच्या किंचित खाली असताना फलक ‘३९ फूट ०’ लिहील आणि इशारा मात्र वाजणार नाही. मग फोन येऊ लागतील. म्हणून तुलना मिलिमीटरवर आणि इंच नेहमी खालच्या पूर्णांकाला, म्हणजे आकडा आणि इशारा यांच्यात विसंगती उरत नाही. ब्राउझरच्या आंतरराष्ट्रीय रूपण सुविधेला मराठी-भारत असे सांगितले की अंक आपोआप देवनागरी येतात. हिंदी-भारत सांगितले तर मात्र रोमन पद्धतीचे येतात. त्यासाठी वेगळे कोड लिहिण्याची गरज पडली नाही.

१५ एप्रिल २०२५

भारचाचणी. ब्रोकर पुन्हा सुरू केला की तुटलेले सर्व फलक एकदम परत येतात, आणि लायब्ररीचा पुनर्जोडणीचा काळ ठरावीक असल्याने सगळे दर सेकंदाला मिळून दार ठोठावतात. प्रत्येक पान आता सुरू होताना ५ ते २० सेकंदांमधील एक यादृच्छिक काळ स्वतःसाठी निवडते. एवढ्याने ब्रोकरवरील झुंबड पसरली.

त्याहून आधी एन्जिनएक्स आडवे आले. डेबियन आणि उबुंटूच्या तयार रचनेत एका वर्कर प्रक्रियेला ७६८ जोडण्यांची मर्यादा असते आणि पुढे नेलेली प्रत्येक वेबसॉकेट जोडणी त्यातल्या दोन खाते, एक ब्राउझरकडची आणि एक ब्रोकरकडची. म्हणजे प्रत्यक्षात एका प्रक्रियेमागे ३८४ पाहणारे. ही मर्यादा आणि तिच्यासोबत उघड्या फाइलींची मर्यादा दोन्हीकडे वाढवली.

तरीही पुराच्या दिवशी संपूर्ण शहराला थेट जोडणी द्यावी का, या प्रश्नाचे उत्तर आम्ही ‘नाही’ असे दिले आहे. दर मिनिटाला बदलणाऱ्या आकड्यासाठी हजारो सॉकेट उघडे ठेवणे म्हणजे तंत्राचे कौतुक पाहणाऱ्याच्या पदरात टाकणे होय. सार्वजनिक पान सर्व्हरने मिनिटाला एकदा लिहिलेली एक लहान जेसन फाइल वाचेल, तीही कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून. थेट फलक कार्यालय आणि नोंदणीकृत कार्यकर्ते यांच्यापुरता राहील. वयाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. सार्वजनिक पानाला ठोका ऐकू येत नाही, म्हणून सर्व्हरची वेळ ते फाइलीसोबत येणाऱ्या डेट हेडरमधून न घेता फाइलीतल्या नोंदीतून घेते आणि स्वतः किती वेळापूर्वी फाइल आणली तेही लिहिते. कॅशने जुनी प्रत दिली तरी ती जुनी असल्याचे दिसते, कारण आकडे त्या नोंदीच्या वेळेसह छापले जातात.

२४ एप्रिल २०२५

परवानग्या. पानातील नाव आणि पासवर्ड कुणालाही वाचता येतात, हे गृहीत धरूनच फलकाच्या खात्याला केवळ वाचण्याची आणि तीही पातळी, सूचना व ठोका एवढ्याच टॉपिकांची परवानगी दिली आहे. प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र खाते असून तो फक्त आपल्या ठाण्याच्या टॉपिकावर लिहू शकतो. एक बोर्ड चोरीला गेला तर त्याचे खाते बंद करता येईल आणि इतर ठाणी अबाधित राहतील.

परवानग्या तपासताना लायब्ररीच्या उत्तरावर विसंबता येत नाही. परवानगीच्या फाइलीतून चालणारा मॉस्किटो निषिद्ध टॉपिकावरील सबस्क्रिप्शनही स्वीकारल्याचे कळवतो आणि मग संदेश पोहोचवण्याच्या वेळी ते रोखतो, ३.१.१ मध्ये निषिद्ध ठिकाणी लिहिण्याचा प्रयत्नही तक्रारीविना गिळला जातो. त्यामुळे आमच्या चाचण्या ‘नकार आला का’ असे न विचारता ‘दुसऱ्या बाजूला संदेश पोहोचला का’ असे विचारतात. बंधाऱ्याची पातळी भरण्याचा फॉर्म एमक्यूटीटीवरून लिहीत नाही. तो साध्या एचटीटीपीने सर्व्हरकडे जातो आणि तिथे कार्यकर्त्याची ओळख व आकड्याची शक्यता तपासून मगच ब्रोकरकडे संदेश निघतो : मागच्या नोंदीपेक्षा तीन फुटांहून अधिक फरक असेल, तर आकडा पुन्हा टंकायला लावतो.

१२ मे २०२५

पावसाळ्यापूर्वीची तालीम झाली. नदी पात्रात खोल असल्याने बनावट वाचनांचा एक पूर तयार करून वेगळ्या टॉपिकांवर सोडला. पानाच्या माथ्यावर ‘तालीम’ अशी पट्टी होती आणि पट्टीशिवाय हे टॉपिक दिसणारच नाहीत अशी व्यवस्था कोडमध्येच आहे. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडल्यावर भोगावतीची पातळी जशी चढत जाईल, तसा चढ मुद्दाम ठेवला. फलक, सूचना आणि मोबाइल यांनी अपेक्षेप्रमाणे काम केले.

त्यानंतर सर्व्हरचा वीजपुरवठा काढून घेतला. मॉस्किटो साठवलेले संदेश मुळात दर १८०० सेकंदांनी डिस्कवर लिहितो. नीट बंद केला तर जाताना लिहून जातो, पण वीज गेली तर ते घडत नाही. परत उठलेल्या ब्रोकरने अर्ध्या तासापूर्वीच्या पातळ्या ताज्या म्हणून वाटल्या आणि त्याच वेळी सर्व ठाण्यांची स्थितीही ‘चालू’ अशीच दाखवली. जुन्या नमुना पानावर हे आकडे ठसठशीत काळ्या अक्षरांत आले असते. या फलकावर ते राखाडी, ‘३१ मिनिटांपूर्वी’ या ओळीसह, पण ‘माहिती नाही’ असायला हवे त्या जागी दिसले, कारण पंधरा मिनिटांपुढे ‘माहिती नाही’ लिहिण्याचा नियम साठ्यातून आलेल्या पहिल्या संदेशाला लागू होत नव्हता. तो भाग दुरुस्त करून तीच चाचणी पुन्हा घेतली असता ठाण्यांच्या जागी ‘माहिती नाही’ आले आणि बोर्ड जसजसे जोडले गेले, तसतसे आकडे भरत गेले. डिस्कवर लिहिण्याचा काळ ६० सेकंदांवर आणला आहे.

पावसाळ्यापर्यंत दोन कामे उरली आहेत. कार्यालयातील पडद्याचा संगणक वीज आल्यावर स्वतः सुरू होऊन फलक पूर्ण पडद्यावर उघडेल, याची तपासणी व्हायची आहे. दुसरे म्हणजे लायब्ररीची नेमकी आवृत्ती गोठवून तिची प्रत आमच्याच सर्व्हरवरून दिली जाईल. जून ते सप्टेंबर या काळात ती बदलायची नाही, सुरक्षेची दुरुस्ती आली तर ती आधी तालमीच्या पानावर एक दिवस चालवायची आणि त्या दिवशी पाऊस किती आहे हे पाहूनच पुढे न्यायची.